विजेच्या तडाख्यानंतरची डिश : आठ दिवसांची नोंद

मागच्या शनिवारी संध्याकाळी वीज पडली ती डिशवर नाही, जवळच कुठेतरी. लखलखाट आणि कडकडाट जवळजवळ एकदमच. डिशवर काळा डाग नाही, केबल जळलेली नाही, रिसीव्हरचा दिवाही चालू. पण कू-बँडवर (उपग्रह प्रसारणाचा वरच्या फ्रिक्वेन्सीचा पट्टा; सी-बँड हा खालचा) स्ट्रेंग्थ शून्य, क्वालिटी शून्य. सी-बँडवर निम्मेच ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरचे प्रसारण-मार्ग). टीव्हीचा एक एचडीएमआय पोर्ट गेला, आणि पोझिशनर (डिशची मोटर चालवणारा डबा) दोन सेकंद डिश हलवून 'एरर' दाखवत थांबायला लागला.

माझी मांडणी अशी: ८ फुटी जाळीची डिश, तिला ३६ व्होल्टचा ॲक्च्युएटर (डिश वळवणारा मोटरचा दांडा) आणि सी-बँडचा एलएनबी (डिशसमोरचा, सिग्नल पकडणारा भाग). शेजारी ९० सेंटिमीटरची फिक्स डिश, कू-बँडच्या युनिव्हर्सल एलएनबीसह. दोन्ही केबल गच्चीवरच्या चार पोर्टच्या डायसेक स्विचमध्ये (रिसीव्हरच्या हुकमाने हवी ती केबल निवडणारा) येतात आणि तिथून एकच केबल २५ मीटर खाली उतरते.

रविवार अख्खा वाया घालवला. कू-बँड बंद म्हणजे एलएनबी उडाला, असं गृहीत धरून वर चढलो, डब्यातला जुना एलएनबी लावला, क्लॅम्प ढिला करून स्क्यू (एलएनबीचा तिरकेपणा) फिरवत बसलो. दोन तासांनी शून्याचं शून्यच. वर बसवलेला अँगल हलवून ठेवला तो वेगळाच.

सोमवारी शहाणपण सुचलं आणि मल्टीमीटर काढला. रिसीव्हर बंद करून केबल सोडवली, पुन्हा चालू करून एफ-सॉकेटवर मोजलं. व्हर्टिकल (उभ्या लहरींच्या) ट्रान्सपॉन्डरवर १३.४ व्होल्ट. हॉरिझॉन्टल (आडव्या लहरींचा) निवडला, तरी १३.४. तिथे १८ च्या आसपास यायला हवेत; एलएनबीला पोलरायझेशन कळतं ते याच व्होल्टेजवरून. यादी पुन्हा पाहिली तर सी-बँडवर जे निम्मे दिसत होते ते झाडून सगळे व्हर्टिकल! शनिवारपासून उत्तर डोळ्यांसमोर होतं आणि मी गच्चीवर पाना घेऊन बसलो होतो.

मग केबल. दोन्ही टोकं मोकळी ठेवून आतली तार आणि जाळी यांच्यात बीप नाही, म्हणजे शॉर्ट नाही. वरच्या टोकाला तारेचा तुकडा घालून दोन्ही जोडले तर खाली तीन ओहमच्या आसपास. केबल निर्दोष सुटली.

आता स्विच. तो पूर्ण बाजूला काढून जोडणीच्या एफ-जॉइनरने कू-बँडची केबल सरळ खालच्या केबलला जोडली. व्हर्टिकल लगेच आला, लो बँड आणि हाय बँड (कू-बँडचा खालचा आणि वरचा भाग) दोन्ही. म्हणजे हाय बँड मागायला रिसीव्हर केबलवर पाठवतो तो २२ किलोहर्ट्झचा टोन शाबूत आहे. साध्या मल्टीमीटरवर हा टोन भरवशाने मोजता येत नाही, त्यामुळे हाय बँडचा ट्रान्सपॉन्डर लागतो का, हीच माझी कसोटी. मग स्विच परत लावून कू-बँडची केबल दुसऱ्या पोर्टऐवजी तिसऱ्यात घातली आणि मेनूत तसा बदल केला. चाललं. म्हणजे स्विचला हुकूम पोहोचतोय, फक्त दुसरा पोर्ट मेलाय. काढून ठेवलेला मूळ एलएनबी परत लावून पाहिला, तर तोही ठणठणीत! नशीब, कचऱ्यात टाकला नव्हता.

बुधवारी जुना रिसीव्हर माळ्यावरून काढला. लाइनमध्ये शॉर्ट असता तर याचाही बळी गेला असता, म्हणून स्विच आणि एलएनबीची तपासणी झाल्यावरच तो जोडला. १३.३ आणि १८.२. हॉरिझॉन्टल सगळे परत आले. पहिला रिसीव्हर उघडला (प्लग काढून, तासभर थांबून, पॉवर सप्लायचा मोठा कॅपॅसिटर उगाच बोट लावायची वस्तू नाही). एलएनबीला व्होल्टेज देणाऱ्या चिपच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा खड्डा, आणि भोवती तपकिरी वलय. चिपच्या पोटाखालीही सोल्डर असल्याने साध्या सोल्डरिंग आयर्नने ती निघणार नाही, हॉट एअर लागेल. तो प्रयोग बाकी.

ॲक्च्युएटरचं दुखणं मात्र गमतीदार निघालं. मोटर उत्तम फिरते, पण पोझिशनरला फेऱ्या मोजायचे पल्स मिळत नाहीत. गिअरबॉक्सचं झाकण काढलं. चुंबकांच्या चकतीजवळ काचेची बारीक नळी असते, रीड स्विच. चुंबक जवळ आलं की आतल्या दोन पात्या चिकटतात, दूर गेलं की सुटतात. माझ्या पात्या कायमच्या चिकटल्यात: चकती काढून ठेवली तरी मीटर बीप करतच राहतो. नखाने टिचकी मारल्यावर एकदा सुटल्या, दुसऱ्या चुंबकाच्या फेरीत पुन्हा चिकटल्या. बदलायलाच हवा.

एवढं सगळं एका फटक्यात कसं गेलं, यावर माझा तर्क असा. डिशच्या खांबाला वेगळा अर्थ रॉड होता, घराच्या अर्थिंगचा वेगळा, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. वीज जवळ पडली की दोन रॉडमध्ये क्षणभर प्रचंड व्होल्टेज उभं राहतं. रिसीव्हरचा प्लग दोन पिनचा, त्यामुळे केबलच्या जाळीतून आलेल्या लाटेला वाट उरली एचडीएमआयची, टीव्हीतून घराच्या अर्थिंगकडे. मेलेला पोर्ट नेमका रिसीव्हरचाच होता. रीड स्विचची तारही डिशपासून पोझिशनरपर्यंत तशीच लांब धावते.

शुक्रवारी दोन्ही रॉड १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने जोडले आणि केबल घरात शिरते तिथे ग्राउंडिंग ब्लॉक (केबलची जाळी अर्थिंगला जोडणारा तुकडा) बसवून तोही त्याच तारेला बांधला. डिशवरच वीज पडली तर याने काही वाचणार नाही, त्यामुळे ढग गडगडायला लागले की केबल आणि प्लग दोन्ही काढणं चालूच.

आजची स्थिती: कू-बँड तिसऱ्या पोर्टवर पूर्ण. सी-बँड पूर्ण, पण एकाच उपग्रहावर. रीड स्विच येईपर्यंत ॲक्च्युएटरच्या दांड्यावर रंगाच्या खुणा केल्यात. मोटरला बाहेरून वीज देऊन दुसऱ्या खुणेपर्यंत दांडा नेला, चित्र आलं. तिसरी खूण अजून अर्धा सेंटिमीटर चुकतेय.