तिथीची पाऊणपट

पहिल्या दिवशी समुद्राने चांगलीच भुरळ घातली. एक जानेवारी, पौर्णिमेच्या आसपासचे दिवस. पहाटे सहाला पुळणीवर उतरलो तर पाणी पार लांब गेलेलं, चंद्र त्या पाण्यावर टेकायला आलेला आणि मधली ओली वाळू सारवलेल्या खळ्यासारखी टणक. गुहागरची पुळण चांगली सहा किलोमीटर लांब आहे. सुरूच्या बनाच्या कडेने सरळ चालत सुटलो. घरी येऊन जाहीर केलं, "आता रोज. बरोब्बर सहाला." ही म्हणाली, "बरं." त्या ‘बरं’मध्ये बावीस वर्षांचा संसार होता.

आठवड्याभराने त्याच सहाला गेलो तर माझी टणक वाळू गायब. पाणी वर आलेलं, आणि चालायला उरली ती वरची कोरडी, भुसभुशीत वाळू. पाऊल टाकलं की रुततं, उचललं की मागे घसरतं. अशा वाळूत चालायला टणक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ताकद लागते, हे नंतर वाचलं. पोटऱ्यांना त्या दिवशीच कळलं होतं. दहा मिनिटांत धाप लागली. दुसऱ्या दिवशी गजर वाजला तो मी बंद केला, आणि तिसऱ्या दिवशी लावलाच नाही.

आई ओटीवर तांदूळ निवडत होती. तिला म्हटलं, समुद्रावर आता चालता येत नाही. तिने सूप खाली ठेवलं. "परवा अष्टमी होती ना? अष्टमीला सहाला भरती. तिथीची पाऊणपट केली असतीस तर गेलाच नसतास."

हा हिशेब आमच्याकडे पूर्वी पोराटोरांनाही यायचा. तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल तितक्या वाजता भरती, दिवसाही आणि रात्रीही. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला बाराच्या आगेमागे. म्हणजे भरती रोज पाऊण तास, घड्याळ लावून पाहिलं तर पन्नासेक मिनिटं, पुढे सरकते. माझा जन्म इथला. लहानपणी याच हिशेबाने कालवं काढायला गेलोय. आणि पन्नाशीला टेकल्यावर शहरातल्या बागेत चालणाऱ्या माणसाचं वेळापत्रक घेऊन समुद्रावर गेलो.

संकल्प मोडला की लोक म्हणतात, इच्छाशक्ती कमी पडते. मला ते फारसं पटत नाही. इच्छा माझ्याकडे भरपूर होती, गुळासकट. माझं म्हणणं असं की, संकल्प करताना आपण ज्या माणसाचं वेळापत्रक लिहितो तो माणूस आपल्या घरात राहतच नाही. त्याला पतपेढीत दहाला पोचायचं नसतं, त्याच्या पंपाची मोटर बिघडत नाही, त्याच्याकडे मुंबईहून सात माणसं न कळवता येत नाहीत. तो बिचारा रोज सहाला उठतो. उठणारच. त्याला दुसरं काम काय?

हे चालण्याचं खूळ डॉक्टरांनी डोक्यात घातलं होतं. वजन 82, उतरवायचं आठ किलो. मी पतपेढीतला माणूस, आकडा दिसला की हप्ता काढतो. पाऊण तास बऱ्यापैकी चाललं तर माझ्या वजनाच्या माणसाच्या दोनशे-सव्वादोनशे कॅलरी खर्ची पडतात. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. म्हणजे एका किलोला पस्तीस-छत्तीस दिवस, आठ किलोला नऊ-साडेनऊ महिने, एकही खाडा न करता. आणि तेही, चालून आल्यावर भूक लागते म्हणून दोन घावनं जास्त घेतली नाहीत तर. मी तीन घेत होतो, नारळाच्या रसात बुडवून. हे कर्ज फिटणारं नव्हतं, व्याजच मुद्दलापेक्षा मोठं होतं. पण एक जानेवारीला हा हिशेब कोण मांडतो? तेव्हा मी होळीपर्यंत आठ किलो, असं ठरवलं होतं. होळीला वजन केलं, 82 भरलं, आणि मग पुरणपोळीला नाही म्हणायचं काही कारण उरलं नाही.

एकवीस दिवस केलं की सवय लागते, हेही कुणीतरी सांगितलं होतं. ते मी लगेच मानलं, कारण एकवीस आकडा आपल्या ओळखीचा. एकवीस दूर्वा, एकवीस मोदक. चौकशी केल्यावर कळलं की त्याचा उगम अमेरिकेतल्या मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनकडे जातो. नाक-चेहरा बदललेल्या पेशंटना आरशातला नवा चेहरा आपला वाटायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याने 1960 साली लिहिलं. त्यातलं ‘निदान’ वाटेत कुठेतरी गळलं, नाकही गळलं, आणि एकवीस तेवढे उरले. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी 96 माणसांच्या सवयी खरोखरच तपासल्या, तर मधला आकडा निघाला 66 दिवसांचा. कुणाला 18 दिवसांत जमेल, कुणाला 254 लागतील, असा त्यांचा अंदाज. मी स्वतःला दोनशे चोपन्नवाल्यांत धरतो.

पण त्या अभ्यासातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. आणि माझी आजवरची सगळी पडझड नेमकी त्या एका खाड्यापासून सुरू झालेली! चालणं असो, साखर सोडणं असो, सूर्यनमस्कार असोत. एक दिवस चुकला की मी म्हणतो, एवीतेवी मोडलंच आहे, आता सोमवारपासून. एकादशीला चुकून पोहे खाल्लेला माणूस दुपारी जसा निवांतपणे मासे मागवतो, तसं. या ‘एवीतेवी’चाही प्रयोग झालेला आहे. 1975 साली काही बायकांना आधी मिल्कशेक पाजून मग आइस्क्रीम पुढे ठेवलं, तर ज्या एरवी जपून खाणाऱ्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त आइस्क्रीम खाल्लं. वाचून बरं वाटलं. परदेशातही आपली माणसं आहेत.

मग लेकीने पुण्याहून मनगटी घड्याळ पाठवलं, पावलं मोजणारं. रोज दहा हजार झाली पाहिजेत, तिला तिकडे मोबाइलवर दिसणार. हा दहा हजाराचा आकडा कुठल्या डॉक्टरने सांगितला असेल, असं मला वाटे. तर टोकियो ऑलिम्पिकनंतर, 1965 साली, एका जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि त्याचं नावच ठेवलं ‘मानपो-केई’, दहा हजार पावलं मोजणारं. गोल आकडा, तोंडात बसणारा. दुकानातला आकडा आमच्या घरात धर्म होऊन बसला. रात्री जेवणं झाल्यावर 9,400 दिसले की मी पडवीत येरझाऱ्या घालायचो, कुत्रं मान इकडून तिकडे करायचं.

एकदा असाच सहाशेने कमी पडलो होतो. ही नारळ खवायला बसलेली, घड्याळ पाटावर पडलेलं. काय वाटलं कोण जाणे, तिच्या उजव्या मनगटात बांधलं. खवणीवर वाटी फिरतेय, हात मागेपुढे होतोय, आणि आकडा चढतोय! तीन नारळ खवून झाले तेव्हा माझी सहाशे पावलं घरबसल्या भरली. लेकीचा मेसेज आला: बाबा, शाब्बास. हिने घड्याळ सोडून माझ्या हातात दिलं आणि खवणीही दिली. त्या दिवसापासून नारळ मी खवतो. पावलं मोजली जातात, चालणं मात्र होत नाही.

सोबत असली की चालणं टिकतं म्हणतात. आम्ही तिघं होतो. एकाचे गुडघे गेले, दुसऱ्याला राजकारणावर बोलताना थांबून उभं राहायची सवय. चार किलोमीटरचं दोन झालं, दोनाचं चहाची टपरी झाली.

एप्रिल-मे सोडूनच द्या. तेव्हा आमचा व्यायाम म्हणजे आंब्यांची आढी लावणं, पेंढा उलटसुलट करणं आणि पिकलेलं खाऊन संपवणं. त्यानंतर पाऊस. कोकणात जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटर आणि कधी त्याहून जास्त पडतो, आणि तो छत्रीवरून नाही, आडवा येतो. रस्त्यावर शेवाळ, पाखाडीच्या चिऱ्यांवर तर उभं राहायची सोय नाही. समुद्र खवळलेला, होड्या वर ओढून ठेवलेल्या. मासेमारी दोन महिने बंद असते आणि ‘त्यांचा संकल्प मोडला’ असं कुणी म्हणत नाही. मी मात्र चार महिने रोज सकाळी खिडकीतून पाऊस बघत मनाला लावून घ्यायचो.

नवरात्रात बूट काढले. सत्तावीसशे रुपयांचे, पडवीत चार महिने पडलेले. डाव्यावर पांढरी-हिरवी बुरशी. उजव्यात पाय घातला तर अंगठ्याला काही टणक लागलं. वाकून बघितलं तर आत, टाचेच्या बाजूला, कुंभारीण माशीने लाल मातीचं घर बांधलेलं. चिमटी चिमटी चिखल आणून बोटाएवढी तीन कांडी, शेजारी शेजारी. पावसाच्या उघडिपीत किती फेऱ्या मारल्या असतील तिने! तिला कुणी घड्याळ दिलं नव्हतं. दोन कांड्यांना भोकं पडली होती, तिसरं अजून बंद होतं. ते फोडवेना. बूट तसाच ठेवला आणि अनवाणी निघालो.

तेव्हापासून मी आईला तिथी विचारतो. आठवड्यात चार-पाच दिवस होतं चालणं, कधी पहाटे, कधी पतपेढीतून सुटल्यावर. कोरड्या वाळूच्या दिवशी रजा. वजन साडेएकोणऐंशी आहे. डॉक्टर खूश नाहीत.

परवा संकष्टी होती. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणजे ओहोटी नवाला. सकाळी नवाला आंघोळ आणि पतपेढीची धावपळ, म्हणून रात्री गेलो. काळोखात ओली वाळू पसरलेली, पायाला गार. चंद्र आमच्याकडे समुद्रातून उगवत नाही, मागच्या डोंगरावरून, माडांच्या वर येतो, म्हणून परत फिरताना मान वळवून बघत होतो. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, दिसला का? मोदकपात्र उतरवलंय."

"कडा दिसतेय नुसती. माडावर येऊ दे."

"मग या लवकर. आणि किती वाढू? दोनच म्हणाला होतात."

मी घड्याळाकडे बघितलं. सहा हजार दोनशे.

"पाच वाढ," म्हटलं, "आणि उरलेल्यातले दोन सकाळसाठी झाकून ठेव."