दोन चौकटी कंसांच्या मधे

ऑब्सिडियनसारख्या नोट्सच्या ॲपमध्ये एका नोटमधून दुसऱ्या नोटला लिंक देणं इतकं सोपं करून ठेवलंय की त्यात विचार करायला फुरसतच मिळत नाही. दोन चौकटी कंस उघडायचे, नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करायची, खाली यादी उघडते, एंटर, झालं. जॉप्लिन या दुसऱ्या ॲपमध्ये क्विक लिंक्स नावाचं प्लगिन, म्हणजे ॲपला वरून जोडायचं छोटं टूल, टाकलं तर दोनदा ॲट (@) दाबून हेच काम होतं. हात थांबत नाही, लिहिण्याची लय मोडत नाही, आणि म्हणूनच लिंक्स वाढत जातात, आणि मग एक दिवस असा येतो की लिंक्स सांभाळायला वेगळी टूल्स लागतात. ऑब्सिडियनच्या कम्युनिटी प्लगिन्सच्या, म्हणजे वापरणाऱ्यांनीच बनवलेल्या प्लगिन्सच्या, यादीत नुसतं ‘लिंक’ शोधून बघा, स्क्रोल करून बोट दुखेल. लिंक बनवणारी, मोजणारी, दुरुस्त करणारी, सुचवणारी, रंगवणारी, सगळी. मला ती यादी चाळायला फार आवडतं, खोटं कशाला बोला. नोट लिहायचा कंटाळा आला की प्लगिन बघत बसणं हा एक अत्यंत सभ्य टाइमपास आहे, बघणाऱ्याला वाटतं काम चाललंय.

पण एवढ्या चाळण्यातून माझं एक मत पक्कं झालंय. लिंक सांभाळणारं टूल चांगलं, लिंक बनवून देणारं टूल जरा लांबच बरं.

सांभाळणं म्हणजे काय ते आधी. ऑब्सिडियनमधली नोट म्हणजे फोल्डरमधली साधी मार्कडाउन फाइल, म्हणजे कुठंही वाचता येणारा नुसता मजकूर, आणि लिंक म्हणजे त्या फाइलचं नाव. ॲपच्या आतून नाव बदललं तर ते बाकीच्या नोट्समध्ये जाऊन लिंक्स बदलून येतं, तशी सेटिंगच आहे. पण तीच फाइल तुम्ही बाहेरून, फाइल मॅनेजरमधून बदललीत तर ॲपला कोण सांगणार, लिंक तुटली. जॉप्लिनवाल्यांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला, तिथं प्रत्येक नोटला ३२ अक्षरांचा एक आयडी असतो आणि लिंक त्या आयडीला असते, त्यामुळे नाव हवं तितक्यांदा बदला, लिंक हलत नाही. फक्त लिंकवर दिसणारं नाव मात्र जुनंच राहतं, म्हणजे दारावरची पाटी जुनी आणि आत माणूस तोच. शिवाय ती नोट ॲपबाहेर काढून साध्या एडिटरमध्ये उघडली की त्या ३२ अक्षरांवरून कुणाच्या बापाला काही कळत नाही. दोन्हीकडे काही ना काही द्यावंच लागतं, पण मला नावाचीच लिंक बरी वाटते, निदान वाचता तरी येते.

आणि इथंच एक भारी गुंता आहे. ऑब्सिडियनमध्ये अस्तित्वात नसलेल्या नोटलाही लिंक देता येते. ती जरा फिकट दिसते, क्लिक केलं की त्या नावाची नवी कोरी नोट तयार होते. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरनी १९९५ मध्ये पहिला विकी, म्हणजे वाचणाऱ्यांनाच पानं लिहिता-बदलता येतील अशी वेबसाइट, सुरू केला तेव्हापासूनची ही चाल, तिथं न लिहिलेल्या पानाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह दिसायचं, विकिपीडियावर तीच लिंक लाल दिसते. म्हणजे ‘हे पुढे कधीतरी लिहायचंय’ असं खुणेनं सांगायची सोय. आता तुटलेल्या लिंक्स शोधून देणारं प्लगिन चालवलं की ते दोन प्रकारच्या लिंक्स एकाच यादीत ओतून देतं, एक ज्यांची नोट होती पण हरवली, आणि दुसरी ज्यांची नोट अजून व्हायचीच आहे. मशीनला दोन्ही सारख्याच. बघणाऱ्यालाच ठरवावं लागतं की हे राहिलं म्हणायचं की गेलं. ती यादी वाचणं मला नोट्स वाचण्यापेक्षा जास्त उद्बोधक वाटतं, कारण आपण काय काय लिहिणार होतो ते सगळं तिथं एका जागी सापडतं.

निकलास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाचं नाव या विषयात आलं नाही असं होत नाही, तर येऊ दे. त्यांच्याकडे कागदी चिठ्ठ्यांची कपाटं होती, सुमारे ९०,००० चिठ्ठ्या, आणि प्रत्येकीवर क्रमांक, २१ मग तिरकी रेघ मग ३ मग एखादं अक्षर अशा धर्तीचा. चिठ्ठी एकदा जिथं ठेवली तिथंच राहायची, क्रमांक बदलायचा नाही, त्यामुळे रिनेम केल्यावर लिंक तुटणं हा रोगच नव्हता. पण उलटी लिंक आपोआप नव्हती. या चिठ्ठीवरून त्या चिठ्ठीकडे जायचं तर इथं क्रमांक लिहायचा, आणि तिकडून परत यायचं असेल तर उठून ती चिठ्ठी काढून तिच्यावरही लिहायचा. आणि त्यांच्या शब्दसूचीत एकेका शब्दापुढे जेमतेम एखाद-दोन क्रमांक असायचे, त्या विषयावरच्या सगळ्या चिठ्ठ्यांची यादी नसायची. आत शिरायला एक दार पुरे, पुढे चिठ्ठ्याच नेतील. आजच्या लिंकप्रेमी लोकांनी (त्यात मीही आले) लुमानचं नाव घेताना हा कंजूषपणा मात्र सोयीनं विसरलाय.

उलटी लिंक म्हणजे बॅकलिंक, या नोटला कुठून कुठून लिंक आली आहे ते दाखवणारी, ही एकच गोष्ट अशी आहे की जी मशीननंच करावी आणि ती मशीन फार छान करतं. कॉम्प्युटरवरच्या लिंक्सचा विचार फार आधी करणारे टेड नेल्सन १९६० पासून झानाडू या आपल्या प्रकल्पात दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या लिंक्सचा आग्रह धरून बसले होते, पण वेब आलं ते एकाच बाजूच्या लिंक्स घेऊन, म्हणूनच समोरचं पान उडालं तरी आपल्याला पत्ता लागत नाही आणि ‘पान सापडलं नाही’ सांगणारं ४०४ बघत बसावं लागतं. जे अख्ख्या इंटरनेटवर जमलं नाही ते आपल्या छोट्याशा फोल्डरमध्ये आरामात जमतं, कारण सगळ्या फाइल्स एकाच मालकाच्या. मराठी विकिपीडियावर ‘येथे काय जोडले आहे’ म्हणून जे असतं तेच. ऑब्सिडियनमध्ये स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स नावाचं प्लगिन तर याच्या पुढे जाऊन प्रत्येक लिंकशेजारी, मथळ्याशेजारी छोटासा आकडा दाखवतं, याचा उल्लेख आणखी किती ठिकाणी आहे याचा. जुन्या नोटमधल्या एखाद्या फालतू वाटणाऱ्या परिच्छेदाशेजारी मोठा आकडा दिसला की आपणच चकित होतो, अरे, हे आपल्याला एवढं महत्त्वाचं वाटत होतं तर.

आता बनवून देणाऱ्या टूल्सकडे येते. त्यात सगळ्यात सभ्य म्हणजे न जोडलेले उल्लेख दाखवणारं. एखाद्या नोटचं नाव दुसरीकडे कुठं साध्या मजकुरात आलं असेल तर ते सांगतं, शेजारी बटण असतं, दाबलं की लिंक. विचारून करतं, म्हणून सभ्य. पण मराठीत लिहिणाऱ्याशी त्याची भेटच होत नाही नीट, कारण आपल्याकडे नाम विभक्ती लागली की रूपच बदलतं. नोटचं नाव ‘पाऊस’ असेल तर ‘पावसात’ त्याला दिसत नाही, ‘विहीर’ला ‘विहिरीत’ ओळखू येत नाही, ‘मूल’ आणि ‘मुलांना’ यांचा त्याच्या लेखी काही संबंध नाही. मग प्रत्येक नोटच्या डोक्यावर उपनावांची यादी लिहायची, पावसात, पावसाने, पावसाचा, पावसाळी, आणि ती लिहिता लिहिता मूळ काय लिहायचं होतं तेच विसरायचं. नाहीतर मधे उभी रेघ देऊन लिंक आत वेगळी आणि दिसायला वेगळी करायची, मी ते करते, बोटांना सवय होते.

काही प्लगिन्स विचारतही नाहीत. नोटचं नाव कुठंही दिसलं की लिंक. काही जण मजकुराला हात न लावता फक्त वाचताना लिंक दाखवतात, ते त्यातल्या त्यात बरं, निदान फाइल स्वच्छ राहते. आणि हल्ली स्मार्ट कनेक्शन्ससारखी आली आहेत, ती प्रत्येक नोटचं आकड्यांच्या लांबलचक माळेत रूपांतर करून कोणाची माळ कोणाच्या जवळ ते मोजतात आणि शेजारच्या पट्टीत ‘ही नोट याच्यासारखी आहे’ म्हणून दाखवतात. विसरलेली नोट सापडायला याचा उपयोग होतो, नाही म्हणणार नाही. पण सारखी असणं आणि जोडलेली असणं यात फरक आहे ना. मला सगळ्यात उपयोगी पडलेल्या लिंक्स अशा नोट्समध्ये आहेत ज्यांच्यात एकही शब्द सारखा नाही, आणि सारख्या दोन नोट्स असतील तर त्या जोडायच्या कशाला, एक करून टाकायच्या.

ग्राफबद्दल, म्हणजे नोट्सचे ठिपके आणि लिंक्सच्या रेघा दाखवणाऱ्या नकाशाबद्दल, काय बोलायचं. ठिपके एकमेकांना ढकलतात, रेघा ओढतात, सगळं हलत हलत स्थिर होतं, बघायला सुंदर. त्यात मी आजवर काही शोधलेलं नाही. लोकल ग्राफ, म्हणजे फक्त चालू नोटच्या आजूबाजूचा, तो वापरता येतो, बाकीचा स्क्रीनशॉटसाठी.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण ती पटकन लक्षात येत नाही. डेटाव्ह्यूसारख्या प्लगिननं क्वेरी, म्हणजे काय शोधायचं त्याची सूचना, लिहून जी यादी बनते, ‘या नोटला लिंक असलेल्या सगळ्या नोट्स’ वगैरे, ती यादी फाइलमध्ये नसतेच, दर वेळी उघडताना तयार होते. ग्राफला ती दिसत नाही, बॅकलिंकमध्ये ती येत नाही, आणि उद्या प्लगिन बंद पडलं तर तिथं उरतात फक्त क्वेरीच्या दोन ओळी. स्वतःच्या हातानं लिहिलेले दोन कंस मात्र कुठल्याही एडिटरमध्ये वाचता येतात.

ब्रेडक्रम्ब्ज नावाचं प्लगिन लिंकला प्रकार द्यायला लावतं, वरची, खालची, पुढची, मागची. कल्पना मला पटते. कुणाची ओळख करून देताना ‘हे आपल्यातलेच’ एवढंच सांगितलं तर काय कळणार, कोणाचे कोण ते सांगायला नको? पण पाच-सहा ठरीव प्रकारांत नाती बसत नाहीत. ‘हे वाचून ते आठवलं पण दोन्हीतलं एक नक्की चुकीचं आहे’ हा प्रकार कुठल्या खान्यात टाकणार? म्हणून मी लिंकशेजारी अर्धं वाक्य लिहून ठेवते, का जोडलं त्याचं. कारण लिहिता येत नसेल तर लिंक पुसून टाकते. ते अर्धं वाक्य आपोआप लिहून देणारं ॲड-ऑनही कोणीतरी आणेलच, आणि मी ते इन्स्टॉल करून बघणारच, स्वभावाला औषध नाही. पण सेटिंग्जमध्ये गेल्यावर आधी ते बंद करायचं बटण कुठंय ते बघेन.