चुनखडीतली लिंबं : बागेच्या मातीची यंदाची नोंद

माती परीक्षणाचा नवा कागद आला. सेंद्रिय कर्ब ०.५२ टक्के. बाग हातात घेतली तेव्हा ०.३८ होता. सामू (मातीचा पीएच) तेव्हा ८.२, आजही ८.२. मुक्त चुना ८ टक्क्यांच्या आसपास. तो हलला नाही आणि हलणारही नाही. १० टक्क्यांवर चुना असलेल्या जमिनीत लिंबूवर्गीय झाडं लावूच नयेत असं सांगतात, म्हणजे आमची बाग काठावर पास.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. कवठे महांकाळ तालुक्यातला माळ, फूट-दीड फूट माती, खाली पिवळट चुनखडीचा मुरूम. एकराला थोडी कमी कागदी लिंबाची सेंद्रिय बाग, वाण साई सरबती. म्हैसाळ योजनेचं पाणी सुटलं तर कृष्णेचं, नाहीतर बोअरचं. मी नोकरीनं सांगलीत, बागेत फक्त शनिवार-रविवार. रोजचं सगळं अण्णा बघतात, आणि माझ्या निम्म्या कल्पनांवर त्यांचा विश्वास नाही.

आधी जिप्समचा विषय संपवतो, कारण ‘सामू उतरवायला जिप्सम का टाकत नाही?’ असं प्रत्येक नोंदीनंतर कुणीतरी विचारतंच. जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट झालेल्या जमिनीसाठी. वाळवा-मिरजेकडे उसाला वर्षानुवर्षं पाणी देऊन जमिनी खारवट-चोपण झाल्या, तिथं सोडियम हटवायला जिप्सममधलं कॅल्शियम लागतं. आमच्याकडे कॅल्शियमचाच सुकाळ आहे. मग गंधक टाकून चुना जिरवावा म्हटलं तर हिशोब असा: एका एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती साधारण ९ लाख किलो भरते. तिचे ८ टक्के म्हणजे ७२ टन चुना. १०० किलो चुना जिरवायला ३२ किलो गंधक, म्हणजे एकराला २३ टन! एवढ्या पैशात दुसरं रान येईल. थोडं गंधक मुळांभोवती टाकून तेवढ्या पट्ट्यात तात्पुरता फरक पाडता येतो, एवढंच. म्हणून सामूच्या रकान्याकडे बघणं मी सोडून दिलंय.

कर्बाचंही गणित सोपं नाही. ०.१ टक्का वाढ म्हणजे एकरी ९०० किलो कर्ब. त्याला १.७२४ नं गुणलं की सेंद्रिय पदार्थ निघतो, साडेपंधराशे किलो. तोही मातीत टिकून राहिलेला. वरून टाकलेल्यातला बराचसा भाग जिवाणू खाऊन वर्षभरात हवेत सोडतात, आणि आमच्या उन्हात तर जास्तच. त्यामुळे ‘दोन ट्रॉल्या शेणखत टाकलं आणि कर्ब एक टक्का झाला’ असं कुणी सांगितलं की मी नमुना कुठून घेतला ते विचारतो. आच्छादन बाजूला न करता वरवरचा मूठभर माती उचलली की कागद छानच येतो. मी दर वेळी त्याच झाडांच्या आळ्यातून, पालापाचोळा सारून, पाऊण फूट खोलीपर्यंत व्ही आकाराचा खड्डा घेऊन नमुना काढतो.

आच्छादनाला काय वापरलं ते सांगतो. सगळ्यात चांगला हळदीचा पाला. काढणीच्या आधी शेतकरी पाला कापून बांधावर टाकतात, मिरज भागातून टेम्पो भरून आणता येतो. लवकर कुजतो, गांडुळं त्याखाली पहिल्यांदा दिसली. उसाचं पाचट टिकतं जास्त, पण त्यात कर्ब फार आणि नत्र फार कमी; मातीत मिसळलं तर जिवाणू झाडाच्या वाटचा नत्र ओढून घेतात. वरच ठेवलं आणि त्यावर जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवण) शिंपडलं की हा त्रास जवळजवळ होत नाही. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या मात्र घेत नाही. तासगाव-कवठे महांकाळ पट्ट्यात त्या फुकट मिळतात, एप्रिल आणि ऑक्टोबरला बांधाबांधावर ढीग असतात. पण हंगामभर त्यांच्यावर काय काय फवारलंय ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यातलं तांबं कुजून जात नाही, मातीतच साठतं. सेंद्रिय बागेत ते कशाला?

तांब्यावरून आठवलं. डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळतो त्या रोगासाठी, बोर्डो पेस्ट आम्हीही लावतो, १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी. पण फक्त खोडाला, ब्रशनं, खाली गोणपाट अंथरून. डिंक्याची बुरशी ओल्या खोडाशी येते, म्हणून त्यापेक्षा महत्त्वाचं दुहेरी आळं: आतलं वर्तुळ कोरडं, पाणी आणि पालापाचोळा बाहेरच्या वर्तुळात. आच्छादन खोडापासून फूटभर लांब. वाळवी आली तरी मग ती पाचटातच रमते.

रोटाव्हेटर बागेत येत नाही, ही अण्णांची जुनी तक्रार. “सर, रान कसं काळंभोर दिसाय पायजे. लोक इचारत्यात, बाग सोडली का म्हून.” पण लिंबाची खाती मुळं वरच्या फूटभरातच पसरलेली असतात, आणि त्यांना केसमुळं फार कमी. स्फुरद, जस्त यासाठी हे झाड मुळांवरच्या मायकोरायझा बुरशीवर अवलंबून असतं. एक फणणी झाली की ते जाळं तुटलं. म्हणून मृगाच्या पावसावर झाडांच्या दोन ओळींच्या मधे ताग पेरतो आणि फुलावर यायच्या सुमाराला ग्रास कटरनं कापून आळ्याच्या बाहेरच्या कडेला पसरतो, गाडत नाही. उशीर केला तर ताग दोरखंडासारखा होतो आणि कटरच्या दोऱ्या संपतात. शेणखत पूर्ण कुजलेलंच. कच्च्यातून हुमणी येते आणि ती मग उसासारखीच लिंबाचीही मुळं खाते.

पानांचं सांगायचं तर नवी पालवी पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोहाची कमतरता, हे चित्र पूर्वी प्रत्येक झाडावर होतं. लोह मातीत भरपूर आहे, पण चुन्यानं आणि बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटनं ते झाडाला लागू होत नाही. आता पिवळेपणा मुख्यतः उन्हाळ्यात, बोअरवर असताना दिसतो. कालव्याचं पाणी आलं की पुढची पालवी हिरवी निघते. ड्रिपरच्या तोंडाशी साचणारा पांढरा थर बघितला की त्याचं कारण समजतं. यंदा हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत) शेणखतात मुरवून ठेवलं आणि पालवी फुटताना आळ्यात दिलं. नुसतं मातीत टाकलं असतं तर आठवड्यात गंज झाला असता. सेंद्रिय प्रमाणीकरणात सूक्ष्म अन्नद्रव्यांना गरज दाखवावी लागते, म्हणून पानांचे फोटो आणि परीक्षणाचा कागद फाइलला लावून ठेवतो.

खरा बदल कागदावर नाही, पाण्यात आहे. दोन्ही बाजूंनी कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत थोडा ठोकून त्यात बोटभर पाणी ओतायचं आणि घड्याळ बघायचं. बांधाजवळच्या उघड्या जागेत ते बराच वेळ वर तरंगत राहतं. आच्छादनाखाली मी सरळ होऊन घड्याळाकडे बघेपर्यंत निम्मं गेलेलं असतं. ढेकूळ पाण्यात टाकलं तर पूर्वी लगेच विरघळून चिखल व्हायचा, आता तसंच बसून राहतं. वळवाच्या पावसात बागेतून गढूळ पाणी वाहून जाणं बंद झालंय, हे अण्णांनीही कबूल केलं.

पण इथंच घोडं अडलंय, आणि या नोंदीचं कारणही तेच. लिंबाला पैसा हस्त बहाराचा. सप्टेंबर-ऑक्टोबरला फूल, मार्च ते मे फळ, आणि उन्हाळ्यात लिंबाला जो भाव तो पावसाळ्यात स्वप्नातही नाही. त्या फुलासाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाडाला ताण बसावा लागतो. हलक्या मुरमाड रानाचा तोच तर फायदा: पावसानं जरा उघडीप दिली की जमीन सुकते, पानं मलूल होतात, मग पाणी सोडलं की फूल. आता माती ओल धरते. उघडीप येते आणि जाते, झाड हिरवंगार राहतं, पालवीच काढत बसतं. रासायनिक बागवाले जूनमध्ये जिबरेलिक ॲसिड, पुढे सायकोसील, मग पोटॅशियम नायट्रेट असा फवारणीचा क्रम धरतात. आमच्याकडे तो रस्ता बंद.

म्हणून यंदा बागेचे दोन भाग केले. वरच्या, उथळ मातीच्या ओळींत पोळ्याच्या सुमाराला सगळं आच्छादन ओढून ओळींच्या मधे नेलं आणि आळी उघडी केली. खालच्या ओळी तशाच ठेवल्या. वरच्या ओळींना फूल बरं लागलं, खालच्या ओळींना तुरळक. पण खालच्या झाडांचा आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीतलं फूल) मात्र घसघशीत दिसतोय आणि खैऱ्या या जिवाणूजन्य रोगाचे डागही त्यांच्यावर कमी आहेत. अर्थात वरच्या ओळींना वाराही जास्त लागतो, त्यामुळे खैऱ्याचं श्रेय मी लगेच मातीला देणार नाही.

अण्णांचं मत सोपं आहे: “पाला काढा सगळा, लिंबू इकू.” माझं मत अजून ठरत नाहीये. पुढच्या वर्षी वरच्या ओळींत ताग न पेरता मटकी पेरतोय. ती वेलीसारखी पसरते, पाणी कमी मागते, आणि श्रावण सरता सरता काढून घेतली की जमीन आपोआप उघडी पडते, आच्छादन ओढत बसायला नको. खालच्या ओळी आंबे बहारालाच ठेवायच्या. जत, आटपाडी किंवा माण भागात कुणी आच्छादनातल्या लिंबाला हस्त बहार नीट धरला असेल तर जमीन किती खोल आणि ताण किती दिवस, एवढं जरूर कळवा. मटकीचं बी अण्णांनी आत्ताच बाजूला काढून ठेवलंय, कारण मोडाच्या उसळीवर त्यांचा पूर्ण विश्वास आहे.