सिगारेट पेटवायची नाही, धूर मात्र दिसला पाहिजे

आज कालिदास कलामंदिरात संगीत प्रहसनाची रंगीत तालीम. सिगारेट ओढणाऱ्या भाडेकरूमागे अख्खी सोसायटी कोरस गात लागते, आणि कोरसच्या गालात गुटखा! (राज्यात बंदी 2012 पासून, बरं का.)

खरी सिगारेट नकोच. सार्वजनिक ठिकाणी 2008 पासून मनाई, दंड 200 रुपयांपर्यंत. ई-सिगारेटची तर विक्रीच 2019 पासून बंद. मग कागदी नळी, तोंडाकडे कापसाचा सैल बोळा, पुढे चिमूटभर कॉर्नफ्लोअर. फुंकायचं, ओढायचं नाही; ओढलं की पीठ घशात आणि वरचा सा गेलाच. बोळा घट्ट बसला तर काहीच उडत नाही. दिवा मागून हवा, समोरच्या उजेडात धूर दिसत नाही. लायटरचा नुसता खटका वाजवा. उडालेलं पीठ ज्योतीवर भडकतं.