मेणवलीचा घाट, २४ बाय ३०

जानेवारीत वाईजवळच्या मेणवलीला गेलो होतो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा कृष्णेचा घाट जलरंगात तासाभरात उरकला. वाटलं, हाच तैलरंगात मोठा करायला कितीसा वेळ लागणार? लागले तीन आठवडे.

कॅनव्हास २४ बाय ३० इंची, बाजारातला तयार. तरी जेसोचा (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचा) आणखी एक हात दिला, वाळल्यावर पॉलिश पेपर मारला. पांढऱ्याफेक कॅनव्हाससमोर माझा हात उचलत नाही, म्हणून बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने सगळीकडे पुसून घेतला. घरभर वास. आईने देवघराचं दार लोटून घेतलं.

आकाश, झाडी, पलीकडचा काठ दोन बैठकांत झाले. घोडं अडलं ते पायऱ्यांपाशी. काळा दगड म्हणून मी ट्यूबमधला काळा थापत गेलो आणि चित्राला तिथे भोक पडल्यासारखं दिसायला लागलं. जलरंगातलं स्केच शेजारी लावून पाहिलं, तर त्यात काळा नव्हताच! सावलीत निळसर, उन्हात चक्क राखी-गुलाबी. मग काळी ट्यूब बाजूला ठेवली आणि अल्ट्रामरीन (निळा) व बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून काम चालवलं. अंबर थोडा चढला की दगड तापलेला वाटतो, निळा चढला की ओला. पाण्यालगतच्या तीन पायऱ्या एवढ्या दोन रंगांत आणि चिमूटभर पांढऱ्यात उभ्या राहिल्या. अख्ख्या चित्रात मला तेवढाच भाग मनापासून आवडतो.

राहिली ती घाटावरच्या देवळातली घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्यानंतर इकडे आलेली पोर्तुगीज घंटा. तिच्यावर मेरी, बाळ येशू आणि १७०७ हे साल. मी हौसेने ते सगळं बारीक ब्रशने काढत बसलो. चौथ्या दिवशी चित्र आरशात पाहिलं आणि धस्स झालं. घंटेचं देऊळ डावीकडे कललेलं! तैलरंग हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन सावकाश वाळतात, त्यातून माझा पांढरा जाड; म्हणून वाचलो. सुरीने देऊळ घंटेसकट खरवडलं आणि मोजक्या फटकाऱ्यांत पुन्हा उभं केलं. घंटा आता हरभऱ्याएवढी, पिवळसर.

व्हार्निशला अजून सहा महिने अवकाश आहे. तोवर चित्र बाहेरच्या खोलीत टांगलंय. पाहुणे विचारतात, "यात घंटा कुठेय?" मी दाखवायला बोट पुढे करतो, तेवढ्यात आतून आई ओरडते, "अरे, ओलं असेल ते!"