वास गेला कुठे?

परफ्यूमच्या काउंटरवर बरीच वर्षं उभी आहे, पण वापरलेली बाटली पुढ्यात ठेवून "यात नुसतं पाणी आहे" असं म्हणणारं गिऱ्हाईक त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं. मला ते लागलं. परफ्यूम होता आयरिस या फुलझाडाचा, आणि त्याचा तो मऊ, पावडरसारखा वास माझा फार जिवाचा आहे.

मॅडमच्या मनगटावर फवारलं. आधी मातीतून नुकत्याच उपटलेल्या गाजराचा गारवा, मग हळूहळू फेस पावडरची डबी उघडल्यासारखा वास. त्या हसल्या. पुन्हा हुंगलं, परत हुंगलं, आणि चेहरा पडला. "बघा, गेला!" मी माझी कागदी पट्टी नाकाशी नेली, तर मलाही काही येईना. पोटात धस्स झालं. तेवढ्यात दाराशी उभी असलेली त्यांची मुलगी म्हणाली, "आई, इथपर्यंत येतोय की!"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अशा परफ्यूममध्ये बहुधा आयोनोन नावाचे सुगंधी घटक असतात. ते सतत हुंगले की नाक त्यांच्यापुरतं बंद पडतं आणि थोड्या वेळानं आपसूक उघडतं. परफ्यूम जागेवरच असतो. आयोनोनचा शोधही या आयरिसपायीच लागला. टीमन आणि क्रुगर हे दोन रसायनशास्त्रज्ञ आयरिसच्या मुळाच्या वासामागे लागले होते, त्यातून 1893 मध्ये हे हाती आलं.

मी त्यांना बाहेर मोकळ्या हवेत नेलं. (नाक ताजं करायला कॉफीच्या बिया हुंगवतात, माझा भरवसा हवेवरच.) तिथं त्यांनी विचारलं, "एका फुलाचा वास एवढा महाग कसा?" म्हटलं, हा फुलाचा नाहीच, जमिनीतल्या गड्ड्यांचा आहे. ताज्या गड्ड्याला म्हणावा असा वास नसतो. सोलून, वाळवून तीनेक वर्षं ठेवला की त्यात आयरोन नावाचे, हा वास देणारे घटक तयार होतात. मग वाफेवर अर्क काढायचा, तोही लोण्यासारखा थिजलेला मिळतो. माझं बोलणं चालू असतानाच त्यांनी मनगट नाकाशी नेलं आणि तिथंच धरून ठेवलं. "आला," एवढंच म्हणाल्या.

बाटली पर्समध्ये गेली. जाताना लेकीपुढे मनगट धरून म्हणाल्या, "यापुढे आहे की नाही ते तू सांगायचं."