के-२७४३ चा नकाशा, टप्पा ३ : १४० नॉटिकल मैल की ३१० किलोमीटर?

२२ जुलै २०१६, सकाळी ८:३०. हवाई दलाचं एएन-३२ (के-२७४३) २९ जणांना घेऊन तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघालं. ८:४६ ला वैमानिकाशी शेवटचा संपर्क झाला. ९:१२ ची शेवटची रडार-नोंद चेन्नईच्या पूर्वेला १५१ नॉटिकल मैलांवरची आहे : डावीकडे वळण आणि २३,००० फुटांवरून झपाट्याने घटणारी उंची. १२ जानेवारी २०२४ ला संरक्षण मंत्रालयाने समुद्रतळावर अवशेष दिसल्याचं जाहीर केलं. खोली ३,४०० मीटर, अंतर चेन्नई किनाऱ्यापासून सुमारे १४० नॉटिकल मैल, आणि कंसात सुमारे ३१० किमी.

हे सगळं नकाशावर मांडताना घोडं पेंड खातं ते याच कंसात. १४० गुणिले १.८५२ म्हणजे २५९ किमी. उलट ३१० किमी म्हणजे १६७ नॉटिकल मैल. मध्ये ५१ किमीचा समुद्र.

आधी मार्ग. तांबरम १२.९०७ उत्तर, ८०.१२१ पूर्व, पोर्ट ब्लेअर ११.६४१ उत्तर, ९२.७३० पूर्व. अंतर जवळपास १,३८० किमी, म्हणजे ७४५ नॉटिकल मैल. पोहोचण्याची अपेक्षित वेळ ११:४५ धरली तर सरासरी २२९ नॉट (ताशी नॉटिकल मैल) येते. पहिल्या ४२ मिनिटांत १५१ मैल म्हणजे २१६ नॉट. यात चढाई आली, त्यामुळे वेग थोडा कमी असणारच. रडारचं अंतर आणि वेळ एकमेकांना धरून आहेत.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळं काढताना तीन ठिकाणी हात पोळतो. वेब मर्केटर या ऑनलाइन नकाशांच्या प्रोजेक्शनवर (गोल पृथ्वी सपाट मांडण्याच्या पद्धतीवर) बफर, म्हणजे ठरावीक अंतराचा घेर, काढला तर १३ अंश अक्षांशावर २.६ टक्के तूट येते आणि २८० किमीचं (१५१ मैलांचं) वर्तुळ प्रत्यक्षात २७३ किमीचंच निघतं. यूटीएम हे प्रोजेक्शन सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांचं, त्यातला ४४ क्रमांकाचा पट्टा ८४ अंश पूर्वेला संपतो. बंगालच्या उपसागराच्या पश्चिम कडेपुरता ठीक, पूर्ण मार्गासाठी नाही. म्हणून तांबरम केंद्र धरून अझिमुथल इक्विडिस्टंट प्रोजेक्शन घेतलं. त्यात केंद्रापासूनची अंतरं खरी राहतात. तिसरी चूक लवकर ध्यानात येत नाही. बफरचे 'सेगमेंट्स' मुळात ५ असतात, म्हणजे वर्तुळ नव्हे, २० बाजूंची आकृती. प्रत्येक बाजूच्या मध्यावर साडेतीन किमी आत. ते ९० केले की चूक दहा-अकरा मीटरवर येते.

मार्गाची सरळ रेषा ओढू नये. ग्रेट सर्कल, म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग, मध्यावर सुमारे ८ किमी उत्तरेला फुगतं, १५१ मैलांपाशी ५ किमी. त्याहून मोठा घोळ 'पूर्वेला' या शब्दाचा आहे. नेमकी पूर्व धरली तर बिंदू मार्गापासून २३ किमी उत्तरेला पडतो. दोन्ही बिंदू ठेवले आहेत, वेगळ्या रंगांत.

आता निवाडा. तांबरमपासून किनारा सुमारे १४ किमी. १४० मैल खरे असतील तर अवशेष तांबरमपासून २७३ किमीवर, म्हणजे रडारच्या २८० किमीच्या अलीकडे सातेक किमी. ३१० किमी खरे असतील तर ३२४ वर, रडारबिंदूच्या ४४ किमी पुढे. ७ किमी उंचीवरून ४४ किमी पुढे जाणं आटोक्यातल्या, सरळ उतरणीला जमेल. वळत-वळत वेगाने खाली येणाऱ्या विमानाला ते पटत नाही. शिवाय आरमार आणि हवाई दल दोघेही मोजतात नॉटिकल मैलांत. किलोमीटर मागाहून करतात. त्यामुळे नकाशावर १४० ची रेषा ठळक, ३१० ची तुटक. किनाऱ्याचा बफर बिंदूभोवती नव्हे, किनारारेषेभोवती काढलाय. दिशा जाहीर झालेली नाही, तेव्हा बिंदू टाकायचा मोह आवरलेला बरा.

खोलीवरून काही ठरेल असं वाटलं होतं, पण जेब्को या जागतिक समुद्रतळ-नकाशाच्या १५ सेकंदांच्या (अंशाच्या भागांच्या) जाळीतला एक चौकोन साधारण ४६० मीटरचा, आणि तिथला गाळाचा तळ ताटासारखा. उतार किलोमीटरला मीटरभर, म्हणजे ५१ किमीतही फार तर पन्नासेक मीटर. 'सुमारे ३,४००' दोन्हीकडे बसतं.

२०१६ मध्ये शोध का फसला, तेही याच आकड्यांत दिसतं. 'सागर निधी' आणि 'समुद्र रत्नाकर' दोन्ही जहाजं तेव्हा कामाला होती. पृष्ठभागावरून सोडलेला १ अंशाचा सोनार-झोत (तळ टिपणाऱ्या ध्वनिलहरींचा) ३,४०० मीटर खाली ५९ मीटर रुंद होतो. एएन-३२ ची लांबी २३.७ मीटर, पंखांचा विस्तार २९.२ मीटर. अख्खं विमानसुद्धा एका ठिपक्यात निम्म्याने मावेल. तुकडे तर दिसणारच नाहीत. राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडी-यानात मल्टीबीम (अनेक झोतांचा) सोनार होता, बारीक तपशील टिपणारा सिंथेटिक अपर्चर सोनार होता आणि कॅमेराही. ते तळाजवळून फिरलं म्हणून हे जमलं. ओळख पटली ती छायाचित्रं एएन-३२ शी जुळल्याने आणि त्या भागात दुसरं विमान हरवल्याची नोंद नसल्याने.

नकाशाचा पुढचा लेयर (थर) २५ मार्च १९८६ चा : सोव्हिएत संघातून मस्कतमार्गे जामनगरला येताना अरबी समुद्रावर बेपत्ता झालेलं एएन-३२, सात जण. तिथे सध्या फक्त मस्कत-जामनगर रेषा आहे.